गोदामाची किल्ली
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला होता ‘सोसायटीची पंचवीस वर्षांची वाटचाल’. पण ती वाटचाल सेक्रेटरींच्या अहवालात आलेलीच आहे. पाण्याची टाकी कधी बांधली, रस्त्याचं डांबरीकरण कधी झालं, कंपाऊंडच्या भिंतीचा वाद किती वर्षं चालला, सगळं आहे त्यात. वादाबद्दल एकच ओळ लिहिली आहे, ते बरं केलं. म्हणून मी आज दुसऱ्याच गोष्टीवर बोलणार आहे. आपल्या मागच्या बाजूला, कॉलनीचा रस्ता जिथे संपतो तिथे, जे जुनं गोदाम उभं आहे त्याबद्दल. तुमच्यातले निम्मे लोक तिकडे फक्त गाडी वळवायला जातात, मला माहीत आहे.

बेलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवी मुंबई आठवते. माझ्या मुलाने ऑनलाइन मागवलेला मिक्सर एकदा तिकडे जाऊन आला. आणि रेल्वेवाल्यांना विचाराल तर त्यांचं बेलापूर स्टेशन श्रीरामपूर शहरात. म्हणजे नाव आपलं आणि गाव त्यांचं. ही गंमत झाली १८७८ मध्ये, दौंड-मनमाड लाइन सुरू झाली तेव्हा. रुळ आपल्यापासून चार-पाच किलोमीटरवरून गेले, स्टेशनला जवळच्या मोठ्या गावाचं म्हणजे आपलं नाव लागलं, आणि पुढे बाजारपेठ त्या स्टेशनभोवती वाढली. मग भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी फिरलं, ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, त्यालाही नाव आपलंच. १९३३ मध्ये टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स. १९५० मध्ये तिकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना. एवढा माल पिकायला लागल्यावर तो ठेवायचा कुठे? म्हणून गोदामं. धान्याची, गुळाची, खताची, बारदानाची. आमची आजी त्याला वखारच म्हणायची. इंग्रजांची सुरतेची वखार आणि आमची जळणाची लाकडाची वखार, शब्द तोच.

आपल्या मागचं गोदाम त्यातलंच एक. कोणी बांधलं, कोणत्या साली, हे मी सांगत बसत नाही, मालकांना ते आवडणार नाही. काळ्या दगडाच्या भिंती, सागाच्या कैच्या, वर पत्रा. आणि पुढे तो ओटा. मालधक्का म्हणतो आपण. बैलगाडीचा, नंतर ट्रकचा हौदा जेवढ्या उंचीला येतो तेवढाच तो उंच बांधलाय, म्हणजे पोतं न उतरवता सरळ पाठीवर घेऊन आत जाता यावं. शंभर किलोचं पोतं असायचं तेव्हा. लहानपणी मी तिथे खेळायला जायचो. रात्री माल उतरवून झाला की हमाल मंडळी त्या ओट्यावर बसायची. कोणाकडे टाळ, कोणाकडे एक फुटकी ढोलकी. पंचपदी व्हायची, मग गवळण, मग कोणीतरी वगातलं एखादं सोंग करायचं आणि सगळे हसायचे. आम्ही पोरं खाली मातीत बसून बघायचो. आज जे लोक म्हणतात ‘गोदामात कसलं आलंय सांस्कृतिक केंद्र’, त्यांना मी एवढंच सांगतो की ते आधीपासून होतं. पत्रिका छापत नव्हते, इतकंच.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मी हा विषय का धरलाय ते कळणार नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आपल्याच चार-पाच पोरापोरींनी एकांकिका बसवायला घेतली होती, कॉलेजच्या स्पर्धेसाठी. गच्चीवर तालीम करायचे, रात्री साडेआठ ते दहा. तक्रार आली. मग दुसरी आली. मी त्यांना लेखी नोटीस दिली. लेखी! त्यातल्या एकीला तर मी कडेवर खेळवलेलं होतं. त्या पोरांनी मग कालव्याच्या पुलाजवळ, रस्त्यावरच्या दिव्याखाली तालीम केली. स्पर्धेत काय झालं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. पुढे ती मुलं पुण्याला गेली आणि आता दिवाळीला येतात. मला नमस्कार करतात, चांगली आहेत. पण तो कागद माझ्या फाइलमध्ये अजून आहे आणि फाइल काढली की दिसतो.

तेव्हा प्रश्न आवाजाचा नव्हता, जागेचा होता. पंचवीस वर्षांत आपण घरं बांधली, पार्किंगच्या रेघा मारल्या, पण आठ-दहा माणसांना मोठ्याने बोलता येईल अशी एक खोली नाही. गणपतीत मांडव रस्त्यावर, हळदीकुंकू जिन्यात, भजनी मंडळ ज्याच्या घरी पाहुणे नाहीत त्याच्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात गोदामाच्या मालकांशी सहज बोलणं झालं. वय झालंय, मुलं बाहेर आहेत. म्हणाले, ‘मास्तर, दिवाळीनंतर पाडून प्लॉट करतो. तुमच्याकडे काही बरा विचार असला तर तोवर सांगा.’ म्हणून मी या काळात जरा वाचलं, दोन-तीन ठिकाणी जाऊन आलो. काय दिसलं ते सांगतो.

सगळ्यात मोठी गोष्ट मुंबईच्या गिरण्यांची. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. जमीन मात्र मुंबईच्या मधोमध. १९९१ च्या नियमावलीत असं ठरलं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक-तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ऐकायला किती छान! २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळी शेडच असते. लोकांचा वाटा आटला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये कोर्टाने तो बदल कायम ठेवला. एका शब्दाने केवढं झालं बघा. म्हणून मी पुढे कराराचं बोलेन तेव्हा कंटाळू नका.

आणि गिरणगावात संस्कृती कमी होती का? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लालबावटा कलापथक १९४४ चं. कामगारांची नाटकं, कोकणातल्या लोकांचं दशावतार, घाटावरच्या लोकांची भजनं, सगळं त्या चाळींतून आणि मैदानांतून चालायचं. गिरणीच्या जागी मॉल आला तेव्हा चिमणी तेवढी ठेवली काही ठिकाणी. फोटो काढायला बरी. चिमणीखाली काम करणाऱ्याच्या नातवाला तिथे आत जायला कोणी मनाई केली नाही, पण त्याचं तिथे कामही काही उरलं नाही.

सगळंच तसं झालं असंही नाही. महालक्ष्मीला शक्ती मिल्सच्या गल्लीत, लक्ष्मी मिल्स इस्टेटमध्ये एका जुन्या गोदामाचं छोटं थिएटर केलंय, जी-फाइव्ह-ए नावाचं. २०१५ पासून चालू आहे. खुर्च्या हलवता येतात, रंगमंच पाहिजे तिकडे मांडता येतो. नाटक, गाणं, सिनेमा, सगळं होतं. चांगलं काम आहे. पण ते मुंबईचं आहे. तिकीट काढून येणारे तिथे आहेत, देणगीदार आहेत. तो नमुना जसाच्या तसा उचलून बेलापुरात आणला तर सहा महिन्यांत कुलूप लागेल. केरळात कोचीला तर आणखी मोठं. अ‍ॅस्पिनवॉल कंपनीची समुद्राकाठची जुनी गोदामं, जिथून मिरी, काथ्या जायचा, तिथे २०१२ पासून दर दोनेक वर्षांनी चित्रकलेचं आणि शिल्पकलेचं मोठं प्रदर्शन भरतं. जगभरातून लोक येतात. फोटो पाहिले तर भिंतींचे पोपडे तसेच ठेवलेले दिसतात. आपल्याकडे पोपडे आहेतच, त्या बाबतीत आपण तयार आहोत.

मला जवळचं वाटलं ते कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शाहू मिल काढली, इथल्या माणसाला इथेच काम मिळावं म्हणून. २००३ मध्ये ती बंद पडली. पुढे स्मारकाच्या घोषणा, आराखडे, बैठका. वर्षं गेली. मग २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं कृतज्ञता पर्व आलं आणि लोकांनी काय केलं, तर स्मारक होण्याची वाट न बघता मिलचं आवारच उघडलं. प्रदर्शनं, व्याख्यानं, कोल्हापुरी चपलांचा बाजार. ज्या गेटातून आजोबा भोंगा झाल्यावर आत जायचे त्या गेटातून नातवंडं आत गेली. मला यातली एकच गोष्ट उचलाविशी वाटते. आधी वापरायला लागा, मग सजवा. आपण नेमकं उलटं करतो. आधी आराखडा, मग भूमिपूजन, मग कोनशिला, मग निधी नाही.

आता आपल्या गोदामाकडे येतो. मी आतून-बाहेरून चार वेळा पाहिलंय, एक इंजिनिअर भाचा आहे त्यालाही दाखवलंय.

भिंती उत्तम. कैच्यांपैकी दोन ठिकाणी वाळवी आहे, तेवढं लाकूड बदलावं लागेल. मागच्या भागात ज्या बाजूला खत ठेवायचे तिथे भिंतीला लोणा लागलाय, प्लॅस्टर सुटतंय. तिथे सिमेंट थापून उपयोग नाही, आतलं मीठ ते ढकलून देतं. आधी खरवडून धुवायचं, सुकू द्यायचं, मग चुन्याचा गिलावा. मागची पडवी सिमेंटच्या पत्र्याची आहे. त्या जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याला भोक पाडायचं नाही, फोडायचं नाही, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. जाणकार माणसाकडून अख्खेच्या अख्खे पत्रे ओले करून उतरवायचे. आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. धान्याच्या गोदामात कीड मारायला वर्षानुवर्षं पावडरी मारलेल्या असतात, औषधाच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. तिथे लहान मुलांना फरशीवर चित्रं काढायला बसवायच्या आधी सगळी जुनी धूळ ओली करून काढली पाहिजे, भिंतीच्या खाचांतलीसुद्धा. कोरड्या झाडूने नाही, आणि तोंडाला मास्क लावून. हे काम उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी मुलांना देऊ नका, एवढं माझं ऐका.

आवाज घुमतो. टाळी वाजवली की दोनदा ऐकू येते. त्याला जाड पडदे लागतील. गोणपाट स्वस्त पडतं आणि शोभूनही दिसेल, पण गोणपाट पेटतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं. एका रात्रीत गेलं. तेव्हा पडदे आगरोधक द्रावणात भिजवलेलेच, आणि वायरिंग सगळं नवं, पाइपमधून. गोदामाला दार एकच असतं, चोरी होऊ नये म्हणून. आपल्याला दोन लागतील, समोरासमोर, बाहेर उघडणारी. या दोन गोष्टी पैशाअभावी पुढे ढकलायच्या असतील तर मी या कामात नाही, आत्ताच सांगतो.

पत्र्यावर पाऊस पडला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याला स्वस्त उपाय नाही. पण आपल्याकडे पाऊस तसाही बेताचा. जे चार दिवस पडेल त्या दिवशी नाटक थांबवून चहा प्यायचा. उन्हाळ्यात दुपारी आत भट्टी असते, तेव्हा कार्यक्रम संध्याकाळचेच, आणि तेही आत नाही. इथे तो ओटा कामाला येतो. ट्रकच्या हौद्याएवढा उंच, समोर मोकळं अंगण. अहो, हा रंगमंचच बांधून ठेवलाय! फक्त त्याच्याकडे पोत्यांच्या दृष्टीने बघत होतो आपण.

स्वच्छतागृह नाही. गोदामात बाया कामाला असायच्या, धान्य पाखडायला, पोती शिवायला, दिवसभर. तरीही नाही. सगळ्यात पहिला खर्च तो. रंगमंचाच्या दिव्यांच्या आधी.

आता करार. मालकांशी नुसत्या तोंडी बोलण्यावर दुरुस्तीचा एक रुपया घालायचा नाही. चांगली माणसं आहेत, पण चांगल्या माणसांना वारस असतात. कमीत कमी दहा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा, त्यात दुरुस्तीचा खर्च कोणाचा, मुदतीआधी सोडायला लावलं तर भरपाई काय, हे स्पष्ट. मालक एक गोष्ट मागतात आणि ती मला रास्त वाटते. सोयाबीनच्या हंगामात मागचा एक खण त्यांना माल ठेवायला हवा. देऊ या. गोदामात थोडा माल असलेला बरा, नाहीतर त्याला आपण कोण हे विसरायला होईल.

आणि पैसे? काही सभासदांनी आधीच कान टवकारलेत. सोसायटीच्या फंडाला हात लावायचा नाही. मेंटेनन्स लिफ्टसाठी आणि टाकीसाठी घेतो आपण, तो तिथेच. उपविधी ते करू देणार नाहीत आणि देत असले तरी मी करू देणार नाही. वेगळी संस्था नोंदवायची, तिचे हिशेब वेगळे, तिचं ऑडिट वेगळं. ज्यांना यायचंय त्यांनी यायचं. फक्त प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी जी वर्गणी मागायचं चाललंय, त्या कमानीबद्दल एकदा फेरविचार करावा, एवढी अध्यक्षांना विनंती. कमानीखालून आपण रोज दोनदा जाणार आणि वर बघणार पहिल्या आठवड्यात.

खरा मुद्दा वेगळाच आहे. अशा जागा पैशावाचून बंद पडतात असं म्हणतात, पण माझ्या बघण्यात तरी त्या किल्लीवाचून बंद पडल्या. एका गावात समाजमंदिर पाहिलं, टाइल्स चकाचक, दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे? एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, तिसरा लग्नाला गेलेला. खिडकीतून हात घालून पाहिलं तर सतरंज्यांवर उंदीर. मी तेव्हाच ठरवलं की आपल्याकडे बांधकामाच्या आधी किल्लीचा प्रश्न सोडवायचा.

माझा हिशेब साधा आहे. आठवड्याला सात संध्याकाळी. सात जण पाहिजेत, प्रत्येकाची एक संध्याकाळ. आपल्या वारी साडेपाचला उघडायचं, झाडून घ्यायचं, पाणी भरायचं, साडेनऊला दिवे घालवून बंद करायचं. कोणी आलं नाही तरी. आणि या सात जणांत निदान दोन जण हमालवाड्यातले असले पाहिजेत. सोसायटीचे सात नकोत. त्या ओट्यावर टाळ वाजवणाऱ्यांची मुलं-नातवंडं इथून पाचशे पावलांवर राहतात. आपल्या गणपतीत ती ढोल वाजवायला येतात, पैसे घेतात आणि जातात. त्यांच्या हातात किल्ली नसेल तर आपण गोदामाचा मॉलच करतोय, फक्त छोटा.

यावर मला आक्षेप ऐकू आले. ‘बाहेरची पोरं येतील, टवाळी करतील.’ आत्ता त्या बंद गोदामाच्या मागे रात्री काय चालतं ते सफाईवाल्या मावशींना विचारा, बाटल्या त्या गोळा करतात. उघड्या, दिव्याच्या जागेत टवाळी कमी होते. ‘आवाज होईल.’ होईल. दहाच्या आत बंद, याला मी जबाबदार. नोटीस काढायचा मला अनुभव आहे. ‘आपल्याकडे कलाकार आहेत कुठे?’ हा प्रश्न विचारणाऱ्या नानांना मी एवढंच म्हणतो की नाना, तुम्ही १९७० च्या सुमारास शाळेच्या गॅदरिंगला कोणतं पात्र केलं होतं ते इथे सगळ्यांसमोर सांगू का? नको? बरं.

या महिन्यात त्या एकांकिकेतल्या मुलीला मी फोन केला. आता ती पुण्यात एका शाळेत शिकवते. गोदामाचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘काका, ओट्याची लांबी किती आहे?’ मी म्हणालो मोजून सांगतो. मोजली. बेचाळीस फूट लांब, अकरा फूट रुंद. तिला कळवलंय. दिवाळीत येते म्हणालीये, ‘बघते काय बसतंय त्यात’.

तर येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी गोदामापाशी आहे. मालकांनी एका दिवसासाठी किल्ली दिली आहे. लांब बाह्यांचा जुना शर्ट, तोंडाला बांधायला मास्क, आणि घरात असेल तर बागेला पाणी घालायचा पाइप आणा. मोठ्यांनीच यायचं. चहा माझ्याकडून. वहीत सात रकाने आखून ठेवलेत, सोमवार ते रविवार. गुरुवारच्या रकान्यात माझं नाव लिहिलंय, बाकीचे मोकळे आहेत.